गोड्या पाण्यातला मचवा

"काका, तुमची काहीतरी चूक होतेय. गेल्या रविवारी मी त्याच्यावर हात ठेवून आलोय." जीपमधला माणूस हसत हसत हे म्हणाला आणि केसरीनाथच्या हातातला चहा बाकड्यावर सांडला. शुक्रवारची दुपार होती. कल्याण रोडवर आपल्या गोदामांसमोरच्या हॉटेलात तो रोजच्यासारखा बाकड्यावर बसला होता. जीप मुंबईची होती, टपावर पिवळ्या टाक्या दोरीने आवळलेल्या. हॉटेलातल्या लूमवाल्यांना वाटलं, गॅस एजन्सीची गाडी आहे. चालवणारा कर्णिक नावाचा, दाढी पिकलेला. एके काळी तो नौदलात पाणबुड्या होता आणि आता शनिवार-रविवारी हौशी लोकांना पाण्याखाली उतरायला शिकवत असे. टेमघरच्या पलीकडच्या तलावावर जायला ट्रकांची गर्दी टाळणारा एखादा रस्ता आहे का, असं त्याने विचारलं. कशाला जाताय म्हटल्यावर म्हणाला, तिथे एक होडी बुडालेली आहे, मासेवाल्यांची जाळी तिला अडकतात म्हणून कळलं, दोन दिवस मुक्काम करून फोटो काढायचेत, मापं घ्यायचीत. त्यावर केसरीनाथ म्हणाला, "मचवा होता तो. आता नाही. माझ्या थोरल्या भावानंच वर काढून विकला." तेरा वर्षं तो हे म्हणत आला होता. लग्नात, मयताला, कोर्टाच्या आवारात, कुणीही त्या भावाचं, लहानूचं, नाव काढलं की हे वाक्य आपोआप तोंडात यायचं. ते बोलताना राग यायचाही बंद झाला होता. आणि आज एका परक्या माणसाने ते सहज, हसण्यावारी खोडून काढलं. केसरीनाथने त्याला रस्ता नीट समजावून सांगितला, पंपाच्या मागून, कब्रस्तानाला वळसा घालून. जीप गेली. हॉटेलवाल्याने फडकं आणून बाकडं पुसलं आणि दुसरा चहा आणू का विचारलं. केसरीनाथ नको म्हणाला.

तो पायीच घरी निघाला. गल्लीगल्लीतून लूम वाजत होते. त्या आवाजात जन्म गेलेल्या माणसाला तो ऐकू येत नाही, पण आज येत होता. त्याला वाटलं, दुसरी कुठलीतरी होडी असेल. तलावात काय एकच होडी बुडते? मासेवाल्यांची एखादी डुगडुगी असेल. मग त्याला वाटलं, लहानूने अर्धीच काढली असेल, वरच्या फळ्या नेल्या असतील आणि खालचा सांगाडा टाकून दिला असेल. हे त्याला पटलं आणि बरंही वाटलं. आपला भाऊ चोर आहे हे अजून शाबूत राहिलं म्हणून आपल्याला बरं वाटतंय, हे पुढच्या वळणावर त्याच्या ध्यानात आलं, आणि त्याला स्वतःची किळस आली. घरी कौसल्येने, त्याच्या बायकोने, तोंड बघून विचारलं की कुठला ट्रक उलटला का. तो काही नाही म्हणाला. ताटात त्याच्या आवडीचा जवळा होता. त्याने भात चिवडला आणि हात धुतला. कौसल्येने पुन्हा विचारलं नाही. या घरात न विचारण्याची सवय जुनी होती आणि ती त्यानेच लावली होती.

थोरल्याचं नाव लहानू ठेवायची गंमत त्यांच्या बापाने, चांगदेवने, कशी काय केली कोण जाणे. नवसाचं असेल. पण लहानू खरोखरच लहानासारखा वागायचा, धाकट्याला पुढे करून आपण मागे उभा राहायचा. चांगदेवचा मचवा गवताचा होता. भिवंडीच्या माळावरचं गवत गंज्या करून खाडीतून मुंबईच्या तबेल्यांना जायचं. भरती धरून निघायचं, ओहोटी लागली की मध्येच नांगर टाकून बसायचं, रांधायचं, झोपायचं. दोघं पोरं त्या गवतावर उताणी पडून मुंबईला जायची. लहानूचा डावा कान पोरवयापासून वाहायचा. पाण्यात बुडी मारली की आठ-आठ दिवस कळ जात नसे, म्हणून बुडी मारायचं काम केसरीनाथचं. नांगर अडकला, भांडं पडलं, सुकाणूला काही गुंतलं की बाप म्हणायचा, केसऱ्या, बघ रे खाली. आणि केसऱ्या नाक दाबून जायचा आणि तळाची माती मुठीत घेऊन वर यायचा, आपण खरंच तळाला गेलो होतो याचा पुरावा म्हणून. लहानू वर वाकून बघत असायचा. मुठीतली माती पाहिली की तो इतका खूश व्हायचा, जशी काही त्यानेच बुडी मारली.

मग रस्ता झाला, ट्रक आले, तबेले हलले, गवत गेलं. तरी चांगदेवने मचवा सोडला नाही. खाऱ्या पाण्यात लाकूड खाणारा एक किडा असतो, तो फळ्यांत शिरला की आतून चाळण करतो, आणि मचवा कोरडा ठेवावा तर उन्हाने फटी पडतात. म्हणून खाडीकाठचे जुने लोक मचवा गोड्या पाण्यात बुडवून ठेवायचे. आत दगड भरायचे, तळाचं बूच काढायचं, आणि तो बसला की सावकाश तळाला जाऊ द्यायचा. किडा मरतो, लाकूड निजतं, असं चांगदेव म्हणायचा. ऐंशी सालच्या वैशाखात, अमावास्येच्या उधाणाला गावातल्या माणसांनी ओढून मचवा बांधावरून तलावात उतरवला. भरायला दगड कमी पडले तेव्हा आईने, जानकीबाईने, घरातल्या फुटलेल्या जात्याची तळी दिली. मचवा बुडताना बाप शेजारच्या लहान होडीत बसून किनाऱ्याकडे बघत होता. जागेची खूण बसल्या जागेवरून, एकदाच, मोठ्याने सांगायची आणि ऐकणाऱ्याने ती पोटात ठेवायची, अशी रीत. गावदेवीचा कळस ताडाच्या मागे बरोबर लपला पाहिजे, आणि बांधावरचा उंबर उजव्या खांद्याला. बाप हे केसरीनाथच्या तोंडाकडे बघून म्हणाला, कारण वर काढताना दगड उपसायला बुडी त्यालाच मारायची होती. दिवाळीनंतर काढू, लाकडाला मुशी माशाचं तेल पाजू, असं म्हणत चांगदेवने हात झटकले. भाद्रपदात तो गेला.

शनिवारी सकाळी केसरीनाथ तलावावर गेला. पंचाण्णव सालचा फेब्रुवारी, पाणी निवळलेलं. बांधावर बघ्यांची जत्रा. नाईट शिफ्ट सुटलेले कारागीर लुंग्या गुंडाळून बसले होते, धुणं धुणाऱ्या बायका हात थांबवून बघत होत्या. मुंबईची चार-पाच माणसं काळे रबरी कपडे अंगावर चढवत होती, त्यांत एक मुलगी होती आणि बायकांची सगळी चर्चा तिच्यावरच चालली होती. केसरीनाथ गर्दीच्या मागे उभा राहिला. त्याला ओळखणाऱ्यांनी शेटजी म्हणून वाट करून दिली, पण तो पुढे गेला नाही. ते लोक पाठमोरे पाण्यात पडले आणि दिसेनासे झाले. नंतर बुडबुडे. बुडबुडे एका जागी येत, सरकत, पुन्हा येत. तीन पुरुष खोल पाणी असेल. एवढ्याला टाक्या आणि नळ्या, असं त्याच्या मनात आलं. आपण बारा वर्षांचे असताना इथून माती आणली होती. उन्हात डोळे बारीक करून तो त्या बुडबुड्यांकडे बघत राहिला आणि आपल्या छातीत हवा कोंडून धरली आहे हे त्याला बऱ्याच वेळाने कळलं.

कर्णिक वर आला, तोंडातली नळी काढून त्याने केसरीनाथला ओळखलं आणि हात हलवला. आता मागे राहण्यात अर्थ नव्हता. कर्णिक अंग पुसत सांगत होता आणि त्याचा चेहरा बुचकळ्यात पडल्यासारखा होता. होडी फुटलेली नाही, कलंडलेली नाही. सरळ बसलेली आहे, अर्धी गाळात. फळी न् फळी जागच्या जागी. आत दगड आहेत, पण पडलेले नाहीत, रचलेले आहेत, पुढे थोडे, मागे जास्त. "अशी नीटनेटकी बुडालेली होडी मी आजपर्यंत पाहिली नाही," तो म्हणाला. केसरीनाथने त्याला सांगितलं की ती बुडाली नाही, बुडवली. का बुडवली तेही सांगितलं. मुलगी आपल्या पाटीवर काहीतरी खरडत होती, ती थांबून ऐकू लागली. मग केसरीनाथने जे विचारायचं नाही असं सकाळपासून ठरवलं होतं ते विचारलं. दगडांत काही वेगळं दिसलं का? कर्णिकने त्या मुलीकडे पाहिलं. ती म्हणाली, हो, एक गोल आहे, मध्ये भोक असलेला. जात्याचा असावा. एका बाजूने फुटलाय.

केसरीनाथ बांधावरून खाली उतरला आणि उंबराच्या सावलीत जाऊन बसला. सगळा मचवा. दगडासकट. एक फळीसुद्धा कुणी हलवली नव्हती. त्याच्या डोळ्यांसमोर आई आली नाही, बाप आला नाही, लहानूही आला नाही. आली ती त्याची स्वतःची, तेव्हाची, तिशी ओलांडलेली आकृती, याच बांधावर कमरेवर हात ठेवून उभी. ब्याऐंशीचा वैशाख. पहिलं गोदाम झालं होतं, नवं घर बांधायला काढलं होतं आणि दाराच्या चौकटीला बापाच्या मचव्याचा साग लावावा असं त्याच्या मनाने घेतलं होतं. लोकांना ते केवढं आवडलं होतं. लहानूला आवडलं नव्हतं. तो म्हणाला होता की मचवा मोडायचा म्हणून बाबांनी बुडवला न्हाय. पण तो आला. दोघं होडी घेऊन तलावात गेले, कळस ताडाच्या मागे आणला, उंबर उजव्या खांद्याला घेतला आणि बांबूने तळ चाचपायला सुरुवात केली. ऊन इतकं होतं की होडीच्या काठाला हात लागत नव्हता आणि पाणी आंघोळीला काढल्यासारखं कोमट झालं होतं. बांबू गाळात जात होता. लाकडाचा ठक असा आवाज कुठेच आला नाही. दुपारपर्यंत अर्धं गाव बांधावर जमलं. कुणीतरी बांधावरूनच ओरडलं की लहानूच्या सासुरवाडीला, अकलोलीला, सागाच्या फळ्या उतरल्यात म्हणे. उतरल्या असतीलही, सासऱ्याने घर शाकारायला घेतलं होतं. केसरीनाथने बांबू होडीत टाकला आणि भावाकडे पाहिलं. त्या पाहण्यातच सगळं होऊन गेलं. तोंडाने तो नंतर बोलला.

ज्येष्ठ, आषाढ, श्रावण, लहानू नाही म्हणत राहिला. मी इकला न्हाय. मी हात लावला न्हाय. त्याची बायको राहीबाई पाणवठ्यावर बायकांशी भांडून यायची. गावकीची बैठक झाली, तिथेही तो नाही म्हणाला आणि खाली मान घालून बसला. केसरीनाथकडे गोदाम होतं, शब्दाला वजन होतं, देवळाला त्याने पैसा दिला होता. लहानूकडे फक्त नाही होतं. मग जानकीबाईने अन्न सोडलं. दोघांतलं कोण खोटं बोलतंय ते कळल्याशिवाय मी जेवणार नाही म्हणाली, आणि ती म्हणेल ते करणारी बाई होती. ती पेजसुद्धा घेईना. ओटीवर भिंतीला टेकून बसायची आणि दोघांकडे आळीपाळीने बघायची. केसरीनाथला आठवलं की तेव्हा त्याला आईची काळजी वाटली होती, आणि त्याहून जास्त वाटली होती ती उत्सुकता, हा आता तरी कबूल होतो की नाही याची. एका संध्याकाळी लहानू आला, उंबऱ्यात उभा राहिला आणि म्हणाला, आये, जेव. मीच इकला. मग तो स्वतः चुलीशी गेला, भात आणि सुक्या बोंबलाचं कालवण वाढून आणलं आणि आई जेवेपर्यंत समोर बसून राहिला. आई जेवली. त्या रात्री केसरीनाथला शांत झोप लागली होती. लहानू आठवड्याभरात बायकामुलांना घेऊन अकलोलीला गेला आणि आईने मरेपर्यंत पुन्हा त्याचं नाव घेतलं नाही.

रविवारी तो पुन्हा गेला. कौसल्येने आज मात्र विचारलं, आणि त्याने सांगितलं, चपला घालता घालता, पाठ करून. ती दारापर्यंत आली. मग म्हणाली, "मग आता भावजींना काय सांगणार?" तो पायरी उतरला. तलावात कर्णिकने मचव्याच्या जागी केशरी रंगाचा रिकामा डबा दोरीला बांधून तरंगत ठेवला होता. हवेने फुगवलेल्या होडीतून तो केसरीनाथला तिथे घेऊन गेला. वरूनच बघा, म्हणाला, पाणी इतकं स्वच्छ आहे की नाळेचा, पुढच्या टोकाचा, आकार दिसतो. केसरीनाथ काठावरून वाकला. खाली हिरवट अंधारात काहीतरी लांबट, काळं, शांत पडलेलं होतं. बघवेना म्हणून त्याने मान वर केली, आणि सवयीने, वयाच्या दहाव्या वर्षापासूनच्या सवयीने, नजर किनाऱ्यावर खूण शोधू लागली. उंबर उजव्या खांद्याला होता. ताड समोर होता. पण कळस ताडाच्या मागे नव्हता. ताडाच्या डावीकडे, चांगला सुटा, उन्हात चमकत होता.

तो बघत राहिला. ब्याऐंशीला ते या जागेपासून कितीतरी अंतरावर बांबू मारत होते. ताड तोच. देऊळ तेच. आणि मग त्याला देऊळ दिसलं, म्हणजे जुनं दिसलं, कौलारू, ठेंगणं, गाभाऱ्यावर पितळी कळस असलेलं. एक्याऐंशी साली जीर्णोद्धार झाला. गाभाऱ्यावर स्लॅब पडला, पुढे मोठा सभामंडप उठला, त्यावर शिखर चढलं, आणि जुना कळस घासूनपुसून त्या नव्या शिखरावर बसवला. सभामंडपाच्या दारात संगमरवरी पाटी आहे. तिच्यावर पहिलं नाव केसरीनाथचं आहे, बापाच्या स्मरणार्थ. देवी जागची हलली नव्हती. कळस पुढे आला होता. काठावरचा एवढासा फरक तलावात येईपर्यंत केवढा होतो हे खाडीवरच्या शेंबड्या पोराला कळतं. आणि लहानूला कळलं होतं. त्या दिवशी होडीत, बांबू थांबवून, त्याने हळूच म्हटलं होतं, केसऱ्या, कळस मागं होता रे. आपण त्याला बांधावरच्या लोकांना ऐकू जाईल असं उत्तर दिलं होतं. देवी हलली न्हाय आन् कळस हलंल? बांधावर हशा पिकला होता. लहानूही थोडासा हसला होता, मागे राहायची सवय असलेल्या माणसासारखा. केसरीनाथ आता पिवळ्या रबरी होडीत बसून ते हसू बघत होता आणि कर्णिक त्याला विचारत होता की बरं वाटत नाही का. पाणी हवं का. केसरीनाथ म्हणाला, किनाऱ्याला घ्या. तेरा वर्षं. त्यातली दोन-चार तरी आपण परत आणू शकू, अजून लहानू आहे, साठीच्या आत आहे, त्याला हाताला धरून इथे आणायचं, या पाण्यावर बसवायचं, गावाला गोळा करून देवळाच्या पायरीवर उभं राहून सांगायचं, एवढी एकच गोष्ट आता त्याला हवी होती.

अकलोलीला तो जीप करून गेला. गरम पाण्याच्या कुंडांजवळ लहानूचं छोटं हॉटेल होतं, वर आंघोळीला येणाऱ्यांसाठी दोन खोल्या. मुलगा मोरू सगळं बघायचा, चोवीस-पंचवीसचा, बापासारखा उंच. केसरीनाथ दारात पोचला तेव्हा एक गिऱ्हाईक मोरूला जुनं पितळी घंगाळ विकता का म्हणून विचारत होतं. मोरू हसून म्हणाला, "मला विचारा. बाबांना विचारू नका, ते लगेच विकतील. बापाचा मचवा विकून बसलेत." गिऱ्हाईक हसलं. मोरूच्या बोलण्यात विखार नव्हता. घरात रोज चालणारी थट्टा होती ती, दात घासण्याइतकी नेहमीची. काकाला बघून त्याचं हसू मावळलं. तरी त्याने खुर्ची पुसून दिली, पाणी दिलं, आणि बाबा कुंडावर आहेत म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर वैर नव्हतं, संकोच होता, चोरी केलेल्या माणसाच्या मुलाला मालकासमोर वाटतो तसा. केसरीनाथने पेला तसाच ठेवला आणि तो कुंडाकडे निघाला.

लहानू कुंडाच्या पायरीवर गुडघ्यापर्यंत पाय सोडून बसला होता. संधिवात. वाफेत त्याचं डोकं पांढरंफेक दिसत होतं. केसरीनाथ त्याच्या उजव्या बाजूला, ऐकू येणाऱ्या कानाकडे बसला. बूट-मोजे काढून त्याने पाय पाण्यात घातले, चटका बसला, वर घेतले. लहानूने त्याच्याकडे पाहिलं आणि जरा सरकून जागा करून दिली. इकडं जरा निवलंय, कमी भाजंल, म्हणाला. तेरा वर्षांनी बोललेलं पहिलं वाक्य. केसरीनाथ वाटेत जुळवलेलं सगळं विसरून गेला.

"दादा, मचवा हाय," तो म्हणाला. "तिथंच हाय. मी बघितला."

लहानू पाण्यात पाय हलवत होता. "असंल," तो म्हणाला. "जानार कुठं?"

मग केसरीनाथ बोलत सुटला. कळस, सभामंडप, पाटी, जात्याची तळी, मुंबईची माणसं, सगळं एकावर एक. मध्येच रडला. उद्या चल, म्हणाला, जीप उभी आहे, तुला पाण्यावर नेतो, तू डोळ्यांनी बघ. लहानूने ऐकून घेतलं. तो रागावला असता, त्याने शिवी दिली असती, तर केसरीनाथ त्या शिवीला लोंबकळून राहिला असता. लहानू म्हणाला, "मी कशाला बघू? तो तिथं हाय ते मला तवापासून म्हायती हाय. बघायचं तुला होतं."

"मग कबूल का झालास?"

"आय जेवत नव्हती." लहानूने पाय बाहेर काढले आणि धोतराच्या सोग्याने पुसायला लागला. "गावाला सांगू नको. गावातली निम्मी मेली, निम्म्यांना आठवत न्हाय. सांगायचंच तर मोऱ्याला सांग. तेवढं कर." त्याचा आवाज पहिल्यांदाच जरा हलला. आपल्याला काही देता येण्यासारखं अजून शिल्लक आहे, या विचाराने केसरीनाथ जवळजवळ धावतच हॉटेलकडे गेला.

मोरू कप विसळत होता. केसरीनाथने त्याला सांगितलं. या वेळी नीट सांगितलं, क्रमाने, स्वतःला न वगळता. तुझ्या बापाने काही विकलं नाही, कधीच नाही, मी त्याला खोटा ठरवलं. मोरूचे हात बादलीत तसेच राहिले. लहानू तोवर दारापाशी येऊन उभा राहिला होता, मुलाकडे न बघता. मोरूने एकदा बापाकडे पाहिलं, खूप वेळ, जसा काही तो माणूस आत्ताच गाडीतून उतरला होता. केसरीनाथला वाटलं, आता हा बापाच्या पाया पडेल किंवा आपल्या अंगावर येईल. दोन्हींतलं काहीही चाललं असतं. पण मोरू शांतपणे, खरोखर न कळल्यासारखा म्हणाला, "काका, तुम्ही तर बुडी मारायचात ना? बाबा लहानपणी आम्हाला नेहमी सांगायचे, केसऱ्या तळाची माती मुठीत आणायचा. मग तुम्ही तेव्हा उतरून का नाही बघितलंत?"

केसरीनाथने तोंड उघडलं. त्या दिवशी होडीत कमरेचं धोतर खोचून तो काठावर उभा राहिला होता, हे त्याला आठवलं. आणि बांधावरून फळ्यांची बातमी आल्यावर खाली बसला होता, हेही आठवलं. तेव्हा खाली जायची त्याला गरज वाटली नव्हती. खाली मचवा सापडला असता तर काय, ही भीती त्याच्या मनात तेव्हाच होती, आणि आज ती कुंडावरच्या वाफेतून बाहेर येऊन त्याच्यासमोर उभी होती. हे या पोराला कुठल्या शब्दांत सांगायचं ते त्याला सुचेना. मोरू उत्तराची वाट बघत होता.

"पानी गार व्हतं रे," दारातून लहानू म्हणाला. "लय गार व्हतं तवा. कोन उतरनार?"

मोरूने काकाकडे पाहिलं. वैशाख महिना होता, पाणी कोमट झालं होतं, हे त्या खोलीत दोनच माणसांना ठाऊक होतं. केसरीनाथने भावाकडे बघायचा प्रयत्न केला, पण मान वळली नाही.

"हो," तो म्हणाला. "गार होतं."